डोंगरवाटेची सायकल आणि पुढची एकच चकती

आपल्या मंडळाच्या सभासदांमध्ये रविवारी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. प्रारंभी ही मंडळी खानापूर रस्त्याने सरळ जाऊन सरळ परत येत. आता त्यांना राजहंसगडाची चढण, देवरवाडीच्या वैजनाथाचा डोंगर आणि तेथून महिपालगडाकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा खुणावू लागल्या आहेत. ओघानेच एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : पुढे एकच दातेरी चकती असलेली नव्या पद्धतीची सायकल घ्यावी काय, आणि घ्यायची झाल्यास ती चकती किती दातांची असावी? प्रश्न दिसतो यंत्राचा. परंतु विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असल्यामुळे त्याचे उत्तर शेवटी गुडघ्यापाशी आणि हृदयापाशी येऊन थांबते. मी व्यवसायाने अस्थिरोगतज्ज्ञ आणि छंदाने सायकलस्वार असल्यामुळे या दोन्ही अंगांनी काही लिहावे, अशी स्मरणिकेच्या संपादकांनी सूचना केली; त्यानुसार हा लेख.

प्रथम थोडी परिभाषा. पायडलाजवळ जी दातेरी चकती असते तिला इंग्रजी पुस्तके चेनरिंग म्हणतात, आपला सायकलवाला तिला चेनव्हील म्हणतो. मागच्या चाकाच्या आसाभोवती लहानापासून मोठ्यापर्यंत चकत्यांची जी उतरंड असते ती कॅसेट. साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारी यंत्रणा म्हणजे डिरेलर. पुढच्या चकतीच्या दातांना मागच्या चकतीच्या दातांनी भागले की गिअरचे गुणोत्तर मिळते. पुढे ३२ आणि मागे १६ दात असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. मागे ३२ असतील तर एकदाच फिरते. आणि मागची चकती पुढच्यापेक्षा मोठी असेल तर चाक एक फेराही पूर्ण करीत नाही. मात्र त्या मोबदल्यात पायाला हलके जाते. घाट चढण्याचे सारे रहस्य या शेवटच्या वाक्यात आहे.

गिअर बदलण्याची सोय सायकलीला सहजासहजी मिळालेली नाही. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिअरचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. त्याच वेळी टूर द फ्रान्स ही शर्यत सुरू करणारे आन्री देग्रांज यांचे मत मात्र असे होते, की गिअर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. खऱ्या गड्याने स्नायूंच्या बळावर जिंकावे. त्या शर्यतीत डिरेलरला मुभा मिळाली ती १९३७ साली. आपल्यापैकी बहुतेकांनी पंचेचाळिशी ओलांडलेली असल्याने देग्रांज यांचा शेरा आपण मनाला लावून घेण्याचे कारण नाही. उलट, तो आपल्याला दिलेला परवाना समजावा.

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातला. तेथील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली शर्यती लावीत. १९७६ साली सुरू झालेल्या त्या शर्यतींतून, आणि पुढल्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी बांधलेल्या सायकलीतून, हा प्रकार आकाराला आला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. तिला पुढे तीन आणि मागे पाच अशा चकत्या, म्हणजे एकूण १५ गिअर होते. पुढच्या तीन चकत्यांची ही पद्धत त्यानंतर तीस वर्षे टिकली. मागच्या चकत्या पाचावरून आठ, नऊ, दहा अशा वाढत गेल्या आणि दुकानदार ‘२४ गिअर’, ‘२७ गिअर’ असे आकडे अभिमानाने सांगू लागले.

हा आकडा फसवा आहे. पुढे ४२, ३४ व २४ दातांच्या तीन चकत्या आणि मागे ११ पासून ३४ पर्यंत आठ चकत्या, अशी एक जुनी, सर्वत्र आढळणारी जुळणी घेऊ. पुढे ४२ आणि मागे २६ घेतल्यास गुणोत्तर १.६२ येते, पुढे २४ आणि मागे १५ घेतल्यास १.६० येते. पायाला या दोहोंत काडीचाही फरक कळणार नाही. अशा जोड्या बऱ्याच निघतात. शिवाय सर्वांत मोठी पुढची आणि सर्वांत मोठी मागची चकती एकत्र वापरली तर साखळी तिरकी ताणली जाते; म्हणून तेही गिअर वगळावे लागतात. चोविसांपैकी खरोखर वेगळे वाटणारे आणि वापरण्याजोगे गिअर चौदा-पंधराच्या पुढे जात नाहीत. एकाच गुणाची तीन औषधे एका चिठ्ठीवर लिहिण्याचा हा प्रकार होय.

तीन चकत्यांचा खरा त्रास मात्र चढावर कळतो. वळण घेतल्यावर समोर अचानक दगडी चढ उभा ठाकतो. पुढची साखळी मधल्या चकतीवरून लहान चकतीवर उतरवायची असते आणि नेमका त्याच वेळी पायाचा सारा भार साखळीवर असतो. पुढचा डिरेलर साखळीच्या ताणलेल्या बाजूवर काम करतो, त्यामुळे भाराखाली तो अडखळतो. क्वचित साखळी चकतीवरून निसटून आतल्या बाजूला पडते. मागचा डिरेलर साखळीच्या सैल बाजूवर काम करीत असल्याने तो पुष्कळच निमूटपणे वागतो. पुढचा डिरेलरच नसेल तर हा सगळा प्रसंग टळतो. डाव्या हाताची कळ जाते, एक केबल जाते आणि ‘आता पुढचा बदलू की मागचा’ हा विचारही जातो. दमलेल्या अवस्थेत विचार कमी करावा लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

मग ही पद्धत पूर्वी का आली नाही? कारण दोन अडचणी होत्या. पहिली अशी की, साखळीला मार्गावर धरून ठेवणारा पुढचा डिरेलर काढला की खडबडीत उतारावर साखळी उडून पडे. दुसरी अशी की, पुढे एकच चकती ठेवायची तर हलक्यापासून जडापर्यंतचा सगळा पल्ला मागच्या चकत्यांनी सांभाळायला हवा, आणि तेवढ्या मोठ्या चकत्या मागे बसत नव्हत्या. २०१२ साली स्रॅम कंपनीने मागे १० ते ४२ दातांच्या ११ चकत्या आणि पुढे एकच चकती अशी जुळणी आणली, तेव्हा दोन्ही अडचणींवर एकदम उपाय झाला. तिच्या पुढच्या चकतीचे दात एकाआड एक जाड आणि बारीक केलेले होते. साखळीचे दुवेही एकाआड एक रुंद आणि अरुंद असतात. जाड दात रुंद दुव्यात घट्ट बसतो आणि साखळी सहसा हलत नाही. (दात एकाआड एक असल्यामुळेच अशा चकत्या २८, ३०, ३२, ३४ अशा समसंख्येत मिळतात.) मागच्या डिरेलरमध्ये घर्षणाची एक लहानशी क्लच बसवल्याने साखळीचे फटके मारणेही कमी झाले. २०१६ मध्ये त्याच कंपनीने मागे १० ते ५० दातांच्या १२ चकत्या आणल्या. शिमानोने २०१८ मध्ये १० ते ५१ ही रचना आपल्या सर्वांत महाग मालिकेत आणली आणि २०२० मध्ये ती डिओर या मध्यम किमतीच्या मालिकेत उतरवली. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या गिअरमधला पल्ला यामुळे सुमारे पाचपट झाला. वर सांगितलेल्या तीन चकत्यांच्या जुळणीचा पल्ला साधारण साडेपाच पट होता. म्हणजे गमावले ते थोडेच, आणि तेही बहुधा जड बाजूचे.

‘बहुधा’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण येथे एक मेख आहे. जुनी सायकल विकून नवी घेतलेल्या आमच्या एका स्नेह्यांची तक्रार होती की नव्या, दुप्पट किमतीच्या सायकलीवर राजहंसगडाचा शेवटचा टप्पा पूर्वीपेक्षा जड जातो. मंडळींनी ते हसण्यावारी नेले, वयाकडे बोट दाखवले. त्यांचे म्हणणे मात्र गणिताने खरे ठरते. जुन्या डोंगरी सायकलींची चाके २६ इंची असत आणि टायरसह त्यांचा परीघ साधारण २.०७ मीटर भरे. नव्या २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.२८ मीटर आहे. चाक दहा टक्के मोठे झाले की प्रत्येक गिअर दहा टक्के जड होतो. त्यांच्या जुन्या सायकलीला पुढे सर्वांत लहान चकती २२ दातांची आणि मागे सर्वांत मोठी ३४ दातांची होती. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल १.३४ मीटर पुढे जाई. नवीवर पुढे ३२ आणि मागे ५१. एका फेऱ्यात १.४३ मीटर. त्यांचा सर्वांत हलका गिअर खरोखरच काढून घेतला गेला होता. पुढची चकती ३२ ऐवजी ३० दातांची केली की हिशेब पुन्हा बरोबर १.३४ मीटरवर येतो. चकतीच्या किमतीत तक्रार मिटली.

म्हणून नुसते दात न पाहता एका फेऱ्यातले हे अंतर पाहावे, असा माझा आग्रह असतो. २९ इंची चाक आणि मागे ५१ दात धरले, तर पुढे ३४ दातांना १.५२ मीटर, ३२ ला १.४३, ३० ला १.३४ आणि २८ ला १.२५ मीटर येते. मिनिटाला ६० फेरे धरल्यास ३२ दातांवर वेग ताशी सव्वापाच किलोमीटरच्या किंचित खाली पडतो, तर २८ वर साडेचार. ऐकणाऱ्यास हा फरक क्षुल्लक वाटतो. पुढचे दोन दात म्हणजे सहा-सात टक्के. मागे ५१ वरून ४५ वर जाताना जो बदल होतो त्याच्या निम्मा. पुढचे चार दात कमी केले म्हणजे मागे जवळजवळ एक संपूर्ण जादा गिअर मिळाला, असे समजावे.

आता गुडघ्याकडे येऊ. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, डॉक्टरांच्याही नाही. ठरावीक चढावर, ठरावीक गिअरमध्ये, पायडलावर सरासरी किती जोर द्यावा लागेल हे पूर्णपणे ठरून गेलेले असते. तुम्ही हळू जा वा वेगाने जा, तो जोर बदलत नाही. हळू गेल्याने दम कमी लागेल, हृदयाचे काम कमी होईल. परंतु प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर पडणारा भार तेवढाच राहील. तो कमी करण्याचा, बसल्या जागी असलेला उपाय एकच, हलका गिअर. ‘मी आपला सावकाश चढतो, त्यामुळे गुडघ्याला त्रास नाही’ हे वाक्य मी बाह्यरुग्ण विभागात पुष्कळदा ऐकतो. त्यातला ‘त्यामुळे’ चुकीचा आहे.

आकडे घालून पाहू. स्वार ७० किलोचा, सायकल, पाणी आणि सामान मिळून १५ किलो, चढ शेकडा १५, रस्ता खडीचा. मागे जास्तीत जास्त ४२ दात असलेली कॅसेट आणि पुढे ३२ अशी जुळणी असेल, तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर सरासरी सुमारे २३ किलोंचा जोर लागतो. मागे ५१ आणि पुढे ३२ असताना तो १९ किलो होतो, आणि पुढे २८ केल्यास १७. ही सरासरी झाली. पाय खाली दाबला जात असताना, गुडघा बऱ्यापैकी वाकलेला असतो त्या क्षणी, जोर याच्या दीडपटीहून अधिक असतो. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर ज्या बळाने दाबली जाते ते गुडघ्याच्या वाकण्याबरोबर आणि स्नायूंच्या ओढीबरोबर वाढते. जिना उतरताना किंवा मांडी घालून उठताना ज्यांच्या वाटीमागे दुखते त्यांना नेमका हाच क्षण बाधतो. सीट फार खाली असेल तर हे सारे आणखी बिघडते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, हा प्रचलित नियम गिअरचा विचार करण्याआधी पाळावा. मी तरी सीटची उंची तपासल्याशिवाय कोणालाही चकती बदलायला सांगत नाही.

यावर आमच्या एका शल्यविशारद मित्राने आक्षेप घेतला. हलक्या गिअरमध्ये फेरे जास्त मारावे लागतात, मग गुडघ्याची झीज तेवढीच नाही का? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. २०० मीटर उंची शेकडा १० च्या चढाने चढायची तर दोन किलोमीटर जावे लागते. ३२ दातांवर त्यासाठी सुमारे १४०० फेरे होतात, २८ वर १६००. एकूण काम तेच. फक्त ते लहान हप्त्यांत फेडले जाते. माझ्या मते दुखऱ्या गुडघ्याला हे हप्ते मानवतात. कमी भाराची वारंवार हालचाल आपण व्यायामोपचारात मुद्दाम सांगतो, आणि जड भाराचे वाकणे टाळायला सांगतो. तेच तत्त्व येथे लागू करण्यास हरकत दिसत नाही.

हृदयाचा हिशेब निराळा आहे, आणि तो मी आमच्या हृदयरोगतज्ज्ञ मित्राबरोबर बसून केला. निमित्त होते आमच्याच गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्याला वर्ष उलटले होते, ट्रेडमिलची चाचणी त्यांनी १० मेटपर्यंत कोणत्याही तक्रारीविना पूर्ण केली होती, आणि त्यांना पुन्हा वैजनाथाच्या डोंगरावर यायचे होते. (वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांसाठी : स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण म्हणजे एक मेट. १० मेट म्हणजे त्याच्या दहापट.) सायकलवरील श्रमांचे वॅटमधून मेटमध्ये रूपांतर करण्याचे सूत्र व्यायामशास्त्रात रूढ आहे. त्यानुसार वरच्याच ७० किलोच्या स्वाराला शेकडा १० च्या कच्च्या चढावर, पुढे ३२ आणि मागे ५१, मिनिटाला ६० फेरे, असे जायचे तर सुमारे १५० वॅट, म्हणजे साधारण साडेआठ मेट लागतात. चढ शेकडा १५ झाला की तेच ११ मेटच्या वर जाते. चाचणीत तपासलेल्या मर्यादेच्या पलीकडे. पुढे २८ दात लावून मिनिटाला ५० फेऱ्यांवर उतरले, तर त्याच १५ टक्क्यांच्या चढावर पावणेनऊ मेट पुरतात.

गिअर हलका असेल तर माणसाला हळू जाण्याची मुभा राहते, हा यातला खरा मुद्दा. जड गिअरवर हळू जाता येत नाही. फेरे चाळिसाच्या खाली गेले की सायकल डगमगते, उभे राहून पायडल मारावे लागते, श्वास कोंडून जोर लावला जातो. आणि हृदयरोग्याने जे करू नये ते नेमके तेथे घडते. आमचे हे सहकारी बीटा-ब्लॉकर घेत असल्यामुळे मनगटावरच्या घड्याळात दिसणारी नाडीची गती त्यांच्या बाबतीत भरवशाची नव्हती. म्हणून चढताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, हा साधा नियम ठरला. त्यांच्या सायकलीला २८ दातांची चकती बसवली आणि शेवटचा खडा टप्पा उतरून चालत जाण्याचे ठरवून घेतले. ते वरपर्यंत आले. वाटेत त्यांनी आम्हाला एका जुन्या नाटकाचे कथानक इतक्या तपशिलाने ऐकवले, की बोलण्याच्या चाचणीबद्दल कोणाला शंका राहिली नाही. अर्थात हे उदाहरण म्हणजे सरसकट सल्ला नव्हे. प्रत्येकाने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला आपल्या चाचणीचा आकडा आणि आपला डोंगर, दोन्ही सांगावेत.

मग सर्वांनीच सर्वांत लहान चकती का लावू नये? कारण वेग फार कमी झाला की तोल राखणे अवघड होते. डांबरी रस्त्यावर ताशी चार किलोमीटरने जाता येते; जांभ्याच्या सुट्या खड्यांवर त्या वेगाने पुढचे चाक इकडे-तिकडे वळू लागते. शिवाय अतिशय हलक्या गिअरमध्ये मागच्या चाकाला झटका बसून ते ओल्या मातीत जागच्या जागी फिरते. त्या वेगाने सायकल हातात धरून चालणेच सुखाचे असते आणि त्यात कमीपणा नाही. दुसरे टोक उताराचे. पुढे २८ आणि मागे १० घेऊन मिनिटाला ९० फेरे मारले तर वेग ताशी साडेचौतीसच्या आसपास थांबतो. ३२ दातांवर साडेएकोणचाळीस. डोंगरवाटेवर त्यापुढे पायडल मारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. उतारावर ब्रेकवरच हात असतात, आणि आपल्या वयात असावेत. मात्र ज्यांचा मुख्य ओढा चोर्ला घाटाने गोव्याकडे किंवा आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे डांबरी रस्त्याने लांब जाण्याचा आहे, त्यांना ही मर्यादा जाचेल. दुसरी गोष्टही जाचेल : मागच्या चकत्यांमधली अंतरे मोठी आहेत. १० वरून १२ वर जाताना एकदम २० टक्के फरक पडतो. सपाट रस्त्यावर चार जणांबरोबर एका लयीत जाताना एक गिअर जड वाटतो आणि पुढचा हलका. अशांनी पुढे दोन चकत्या असलेली सायकल खुशाल घ्यावी. एक चकती हा धर्म नव्हे.

डोंगरवाटेसाठी एक चकती घेणाऱ्यांना मी असे सुचवतो : मागे १० ते ५१ किंवा त्यासारखी कॅसेट आणि २९ इंची चाक असेल, वय पन्नाशीच्या वर असेल किंवा गुडघ्याची तक्रार असेल, तर ३० दातांपासून सुरुवात करावी, वजन अधिक असेल वा डोंगर तिलारीच्या घाटासारखा खडा असेल तर २८. नियमित सराव असलेल्या तरुणांना ३२ ठीक. ३४ शर्यतवाल्यांसाठी सोडावी. नव्या सायकलींवर बहुधा ३२ किंवा ३० दातांची चकती येते. दुकानातच दात मोजावेत, लाजू नये.

जुनी सायकल असेल तर खर्च करण्यापूर्वी एक प्रयोग फुकटात करता येतो. नेहमीच्या चढावर ज्या गिअरमध्ये बसून, बोलत, मिनिटाला ६० च्या आसपास फेऱ्यांनी जाता येते, तो गिअर लक्षात ठेवावा. घरी येऊन त्या दोन्ही चकत्यांचे दात मोजावेत आणि भागाकार करावा. पुढे २४ आणि मागे २८ निघाले, तर गुणोत्तर ०.८६. पुढे ३२ आणि मागे ४२ अशा स्वस्त जुळणीचे गुणोत्तर ०.७६ येते, म्हणजे तुम्हाला तीच पुरून उरेल आणि बारा चकत्यांचा महागडा संच घेण्याची गरज नाही. ९ किंवा १० चकत्यांच्या जुळण्याही आता ४२, ४६, ४८ दातांपर्यंत मिळतात. बदल करताना तीन गोष्टी तपासाव्यात. पुष्कळ स्वस्त सायकलींच्या पुढच्या तिन्ही चकत्या रिव्हेटने कायमच्या जोडलेल्या असतात. तेथे संपूर्ण क्रँकच बदलावा लागतो. जुना मागचा डिरेलर ३४ किंवा ३६ दातांपुढची चकती पेलत नाही. तो दामटून बसवला तर भर चढावर चाकात अडकण्याचा संभव असतो. आणि १० दातांची चकती जुन्या हबवर बसत नाही, त्यासाठी हबचा मागचा भाग निराळा लागतो. ११ पासून सुरू होणारी कॅसेट घेतल्यास तो खर्च वाचतो.

एका चकतीचा एक लाभ अनपेक्षित आहे. ४२ दातांच्या चकतीची त्रिज्या साधारण साडेआठ सेंटिमीटर, ३२ दातांची साडेसहा. सायकलीचे पोट जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर उचलले जाते. आपल्याकडच्या पायरीसारख्या दगडांवर हे दोन सेंटिमीटर चांगलेच जाणवतात.

साखळीची निगा मात्र अधिक घ्यावी लागते. पुढे तीन चकत्या असताना झीज तिघींत वाटली जाई; आता ती एकीवरच पडते. सर्वांत मोठ्या मागच्या चकतीवर चढताना साखळी तिरकी धावते, आणि काही कॅसेटमध्ये नेमकी तीच चकती वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमची केलेली असते. त्यात आपला पाऊस आणि आपली तांबडी माती. ही माती साखळीच्या तेलात मिसळली की तिचा पॉलिशचा लगदा होतो आणि तो रात्रंदिवस धातू खरवडत राहतो. पावसाळी फेरीनंतर साखळी त्याच दिवशी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच तेल द्यावे; मातीवर तेल ओतणे म्हणजे पू न काढता जखमेवर पट्टी बांधणे. साखळीची लांबण मोजण्याचे एक साधे माप मिळते. ११ आणि १२ चकत्यांच्या साखळ्या अर्धा टक्का लांबल्या की बदलाव्यात. साखळीसाठी हात आखडता घेतला तर पुढे कॅसेट बदलावी लागते, आणि तिची किंमत साखळीच्या कितीतरी पट असते.

आणि एक. मागचा डिरेलर सायकलीच्या सांगाड्याला ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो, तो धक्का बसल्यास स्वतः वाकून सांगाडा वाचवावा अशाच हेतूने केलेला असतो. मोठ्या कॅसेटसाठी डिरेलरचा दांडा लांब असल्याने तो जमिनीच्या अधिक जवळ लोंबतो, दगडाला लवकर लागतो, आणि तुकडा वाकला की बारापैकी निम्मे गिअर कुरकुरू लागतात. हा तुकडा बहुतेक सायकलींना निरनिराळ्या आकाराचा लागतो. एकाचा दुसऱ्याला सहसा बसत नाही. महिपालगडाच्या वाटेवर तो कोठे मिळण्याची आशा नाही. सायकल घेतानाच आपल्या मापाचा एक जादा तुकडा मागून घ्यावा आणि साखळीचा एक जादा जोड-दुवा व लहान पान्हा यांच्यासह सीटखालच्या पिशवीत ठेवून द्यावा.